प्रोग्रॅम नंबर दोन

कर्वेनगरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझं कानांचं क्लिनिक होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर बारावीचे क्लासेस आणि मधल्या एका खोलीत मी. मी डॉक्टर नव्हे, हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलं आहे. कोणाला किती ऐकू येतं ते मी तपासते आणि ज्यांना कमी येतं त्यांना कानाचं मशीन बसवून देते. कान दुखत असेल तर डॉक्टरांकडे जावे, असं मी दारावर लिहून ठेवलं होतं. तरी लोक कान धरूनच यायचे.

मी शिकले तेव्हा कानाचं मशीन म्हणजे खिशातली डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. डबीवर एकच चक्र, आवाज मोठा करायचा नाहीतर लहान. मग बाहेरचा माल देशात येऊ लागला. शीतपेयं आणि मोटारी आल्या तशी कानामागे बसणारी, काजूच्या आकाराची डिजिटल मशिनंही आली. ती कॉम्प्युटरला जोडून बसवावी लागत. त्यासाठी एक करड्या रंगाची डबी होती. तिची एक वायर कॉम्प्युटरला, दुसरी कानाच्या मशीनला, आणि पडद्यावर कंपनीचा प्रोग्रॅम. त्यात मी माउसनं रेघा वरखाली करायचे आणि समोरच्या माणसाला रस्त्यावरचा हॉर्न कमी आणि नातवाचं बोलणं जास्त ऐकू यायचं. प्रोग्रॅमची कोणी फुकट नक्कल करू नये म्हणून कंपनीनं एक किल्लीही दिली होती. काडेपेटीएवढी प्लॅस्टिकची वस्तू, एका तोंडाला पंचवीस पिना. ती कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचलेली नसेल, तर प्रोग्रॅम उघडायचा नाही. मला या सगळ्या सरंजामाचा फार अभिमान होता. नवा पेशंट आला की मी आधी कॉम्प्युटर दाखवायचे आणि मग बसायला खुर्ची द्यायचे.

काका, म्हणजे माझे एक पेशंट, माझ्याकडे आले ते अशाच दिवसांत. मूळचे अमरावतीकडचे. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेलेली. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागला, म्हणून निवृत्त झाल्यावर काका-काकू पुण्याला आले. माझ्या क्लिनिकपासून दोन गल्ल्यांवर त्यांची सोसायटी. आत येताना हात जोडून "जयभीम, मॅडम" म्हणायचे, ताठ बसायचे, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे. पुण्यात दहा वर्षं राहिले तरी आमचा तिरकसपणा त्यांना लागला नाही. मशीन पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा वर बघून म्हणाले, पंख्याला आवाज असतो हे मी विसरून गेलो होतो.

वर्षभरानं काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बुद्धी शाबूत, शब्द शाबूत, पण आवाज इतका बारीक आणि अस्पष्ट झाला की त्या बोलल्या की नुसती हवा गेल्यासारखं वाटायचं. मुलाला कळेना, डॉक्टरांना कळेना, कामाच्या बाईंना कळेना. उजव्या हातानं लिहिताही येईना. काका दिवसभर त्यांच्या ओठांकडे बघत अंदाज करायचे आणि चुकायचे. तिसऱ्यांदा चुकले की काकू तोंड फिरवून घ्यायच्या.

मी काकांना म्हटलं, काकूंना इथे घेऊन या. शेजारचे दोघे जण त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून वर आणायचे. अशा आठ बैठका आम्ही केल्या. काकू बोलायच्या, काका ऐकायचे, आणि मी पडद्यावर एकेक रेघ हलवायचे. पंख्याची आणि रस्त्याची घरघर काढून टाकली. स, त, च असले बारीक आवाज उचलले. मग ते टोचायला लागले म्हणून थोडे खाली आणले. मशीन नेहमी पेशंटच्या कानाप्रमाणे बसवतात. हे मी त्याच्या बायकोच्या गळ्याप्रमाणे बसवत होते, आणि असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आठव्या बैठकीला काकू काहीतरी पुटपुटल्या आणि काका मोठ्यानं हसले. काय म्हणाल्या, म्हणून मी विचारलं.

"म्हणते, या बाईला विचारा हे अजून किती दिवस चालणार आहे. मला भूक लागून राहिली."

मी ते आकडे तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर साठवले आणि मशीनमध्ये भरले. मशीनवर एक चिमुकलं बटण होतं. नेहमीसाठी प्रोग्रॅम नंबर एक. बटण दाबलं, दोनदा टिकटिक झालं, की प्रोग्रॅम नंबर दोन. एक जगासाठी, दोन काकूंसाठी. पुढची तीन वर्षं त्या घरात दुभाष्याचं काम काकांनी केलं. काकू बोलायच्या आणि काका ते जसंच्या तसं सांगायचे, स्वतःबद्दलच्या तक्रारीसुद्धा.

आता माझ्या नवऱ्याकडे येते. तोही हिंजवडीलाच. त्याचं काम असं की, परदेशातल्या एका विमा कंपनीचे वीस-वीस वर्षांचे जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालते करून द्यायचे. सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये बसायचा आणि घरी यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचंही त्राण नसायचं. आमच्यात लग्नाआधीपासून अरे-तुरे. भांडताना मात्र मी त्याला अहो म्हणते. त्या वर्षी मी दिवाळीपासून पुढे कित्येक आठवडे त्याला अहो म्हणत होते.

झालं असं की, क्लिनिकमधला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी चालू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून होईपर्यंत त्याचं उठणं चालायचं. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा घ्यायचा असं ठरलं. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराकडे जुना द्या, नवा न्या अशी योजना होती. नवऱ्यानं जुन्यातली सगळी माहिती सीडीवर उतरवून घेतली, तेवढं त्यानं नीट केलं, आणि दसऱ्याच्या सकाळी जुना देऊन नवा घेऊन आला. त्यात नवी कोरी विंडोज. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. मी खूश झाले.

आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. सासऱ्यांचं भोसरीला वर्कशॉप होतं तेव्हा लेथची व्हायची. ते गेल्यावर घरात हत्यारं म्हणावीत अशी फक्त माझी उरली. कानात बघायची बॅटरी, मळ काढायचे चिमटे, तपासणीचं मशीन, करडी डबी. ते सगळं मी क्लिनिकमध्ये पाटावर मांडायचे. त्या वर्षी कॉम्प्युटर बदलायचा म्हणून सगळ्या वायरी सुट्या होत्या, त्यामुळे किल्ली पहिल्यांदाच पाटावर आली. एरवी ती बिचारी कॉम्प्युटरच्या पाठीत असायची, तिला कधी एक फूल मिळालेलं नव्हतं. मला तिची दया आली. मी तिला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, ओल्या कुंकवाच्या अक्षता जरा सढळ हातानं वाहिल्या आणि झेंडूचं फूल ठेवलं. मग नवऱ्यानं सगळं जोडलं आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की कंपन्यांचे नवे प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर छान चालतात, आणि किल्लीवाला तो एक जुना चालत नाही. त्या प्रोग्रॅमवर बसवलेली मशिनं आता मोजक्याच लोकांकडे राहिली होती, कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं होतं. नवरा म्हणाला, दिवाळी झाली की बघू. मीही म्हटलं, बघू.

दसऱ्याच्या त्या दिवशी काका नागपुरात होते. दरवर्षी दसऱ्याला ते आणि काकू दीक्षाभूमीवर जायचे. काकूंना झटका आला त्यानंतर दोन वर्षं काकाही गेले नव्हते. त्या वर्षी काकूंनीच हट्ट केला, माझ्यामुळे तुमचं राहायला नको, जाऊन या आणि आल्यावर मला सगळं सांगा. मुलानं दोन दिवस रजा घेतली आणि काका गेले. तिथे गर्दीत कोणाच्या तरी खांद्याचा धक्का लागला, मशीन खाली पडलं आणि पायाखाली आलं. काकांनी ते रुमालात बांधून आणलं आणि माझ्या टेबलावर रुमाल सोडला. कवचाला तडा गेला होता. मी म्हटलं, काळजी करू नका, मुंबईला दुरुस्तीला पाठवते.

दिवाळीच्या आधी मशीन दुरुस्त होऊन आलं. आतले सगळे भाग नवे, त्यामुळे स्मरण कोरं. प्रोग्रॅम नंबर एकही नाही, दोनही नाही. कंपनीच्या नव्या प्रोग्रॅमच्या यादीत ते मॉडेल नव्हतं. काकूंच्या आवाजाचे आकडे माझ्या सीडीवर होते, पण ती सीडी वाचणार फक्त तो जुना प्रोग्रॅम, आणि तो नव्या विंडोजवर उघडत नव्हता. काकांना मी हे कागदावर लिहून समजावलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "होईल ना, मॅडम?" मी होईल म्हटलं. मी नवऱ्याच्या भरवशावर म्हटलं, हे इथे कबूल करते.

तेवढ्यापुरतं मी त्यांना दुसरं, नवं मशीन वापरायला दिलं. त्यात त्यांना कुकरची शिट्टी ऐकू आली, टीव्ही आला, माझं बोलणं आलं. काकूंचं आलं नाही. नव्यानं बसवायचं तर काकूंना वर आणायला हवं होतं, आणि आता त्यांना अर्धा तासही ताठ बसवत नव्हतं. घरी जावं तर कॉम्प्युटरचं धूड न्यायचं कसं? तरी एकदा मी घरी गेले. काकू खिडकीशी पलंगावर होत्या. माझ्याकडे बघून त्या बराच वेळ काही सांगत राहिल्या. मी मान हलवत राहिले आणि त्यांना कळलं की मी उगाच मान हलवते आहे. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. काका मला सोडायला दारापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "पाणी, औषध, खिडकी, एवढं हातानं समजते. पण ती रोज बोलून राहिली मॅडम, आणि मला काहीच समजून नाही राहिलं."

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला त्या भांडणातलं पहिलं अहो म्हटलं. अहो, तुम्ही सातासमुद्रापलीकडच्या लोकांचे प्रोग्रॅम चालवून देता, आमचा एक चालवून द्याल का? तो बिचारा शनिवारी सकाळीच क्लिनिकमध्ये येऊन बसला.

त्यानं काय काय केलं ते मला आजही पाठ आहे. आधी प्रोग्रॅम म्हणाला, ही विंडोज मला चालत नाही. तेव्हा नवऱ्यानं कुठेतरी एक खूण केली आणि म्हणाला, आता त्याला वाटेल की आपण जुन्याच विंडोजवर आहोत. मला ते लबाडीचं वाटलं, पण प्रोग्रॅम फसला आणि उघडू लागला. उघडता उघडता म्हणाला, किल्ली सापडत नाही. नवऱ्यानं समजावून सांगितलं की जुन्या विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्रॅम उठून सरळ मागच्या दारापर्यंत जाऊ शकत होता. नव्या विंडोजनं दारावर पहारेकरी बसवला आहे. किल्लीसाठी नवा ड्रायव्हर, म्हणजे त्या पहारेकऱ्याला दाखवायचं ओळखपत्र, हवा. किल्ल्या बनवणारी कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली. त्यानं इंटरनेटवर कुठल्या कुठल्या लोकांच्या चर्चा धुंडाळल्या. आपल्यासारखाच अडलेला एक जर्मन गृहस्थ त्याला सापडला, तो दंतवैद्य होता. त्यानं मोठ्या मनानं ड्रायव्हर पाठवून दिला. ज्या शनिवारी तो ड्रायव्हर बसला त्या दिवशी नवऱ्यानं मला खालून भजी आणायला लावली. भजी आणून बघते तर पडद्यावर तेच. किल्ली सापडत नाही.

पुढचे दोन आठवडे माझा नवरा त्या वाक्याशी झुंजला. कॉम्प्युटर चालू होतानाची निळी पाटी उघडून त्यानं प्रिंटरच्या दाराच्या सगळ्या सेटिंगा बदलून पाहिल्या. ड्रायव्हर काढला, घातला, आधी घातला, नंतर घातला. ऑफिसातल्या कोणाला तरी फोनवर विचारताना मी त्याला "माझ्या बायकोचा क्लायंट फार क्रिटिकल आहे" असं म्हणताना ऐकलं, आणि मला एकदम भरून आलं. आठवडाभर राबून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बॅटरी मारत होता, आणि मी वरून त्याला अहो-जाहो करत होते. पण भरून आलं तरी मी ते बोलून दाखवलं नाही. मी म्हटलं, तुमच्या त्या नव्या विंडोजनं आणि तुमच्या मुहूर्तानं घात केला.

शेवटी जुना कॉम्प्युटरच परत आणावा म्हणून आम्ही दोघं बुधवार पेठेत गेलो. दुकानदार सुटे भाग मांडून बसला होता. आमची कहाणी त्यानं मान वर न करता ऐकून घेतली.

"दसऱ्याला वाटलेलं सोनं दिवाळीनंतर परत मागायला आलेले तुम्ही पहिलेच," तो म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर पाच जणांच्या पोटात गेला. कोणाकोणाचं पोट फाडू?"

नवऱ्याला हसू आलं. मला आलं नाही. दुकानातून बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तो म्हणाला, "सोमवारी काकांना सांगून टाक की होणार नाही. त्यांना उगाच झुलवत ठेवू नकोस." इतकी वर्षं संसार केल्यावर त्याचे हात टेकलेले मी पहिल्यांदा पाहिले.

सोमवारी दुपारी पेशंट नव्हते. काकांना काय आणि कसं लिहून द्यायचं याचा कागद पुढे घेऊन मी बसले होते. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग माझं डोकंच फिरलं. मी टेबलाच्या मागे वाकले, ती किल्ली हिसका देऊन ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले. टाकण्याआधी काय वाटलं कोण जाणे, कानात बघायची बॅटरी खिशातच होती, सवयीनं मी ती पेटवली आणि किल्लीच्या तोंडात उजेड टाकला.

पिनांच्या दोन रांगांच्या मधे, अगदी तळाशी, लाल काहीतरी बसलेलं होतं. आंबेमोहोराचा एक दाणा. ओल्या कुंकवासकट आत गेलेला, वाळून घट्ट झालेला. त्याच्यामुळे किल्ली पुरती आत बसतच नव्हती. केसभर फट राहत होती, आणि मागे अंधारात वायरींच्या गुंत्यात ती कोणाला दिसणार? माझ्या नवऱ्यानं दहा वेळा ती काढून घातली होती, पण विंडोजवर संशय असलेला माणूस तांदूळ कशाला शोधेल? मी खाली बसले. त्याला दिलेले सगळे अहो मला एकेक करून आठवले.

मग मी मळ काढायचा सगळ्यात बारीक चिमटा घेतला. हजारो कानांवर फिरलेल्या माझ्या हाताला दाणा दोन खेपा दाद देईना. तिसऱ्या खेपेला दाणा सुटला. स्पिरिटच्या कापसानं पिना पुसल्या, फुंकर घातली, किल्ली खोचली, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले आणि कॉम्प्युटर चालू केला. प्रोग्रॅम उघडला. सीडी घातली. काकांचं पान आलं आणि त्याच्या खाली मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ, नंबर दोन, काकू.

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी काय सांगितलं, ते इथेच सांगून टाकते. मी सांगितलं, चाललं. कसं काय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू शेवटी जे काही केलंस ना, त्यानंच. तसं ते खोटंही नव्हतं. त्याचा आणि त्या जर्मन दंतवैद्याचा ड्रायव्हर नसता, तर दाणा काढूनही काही उपयोग नव्हता. त्यानं ही विजयगाथा येईल-जाईल त्याला बरेच दिवस सांगितली, आणि मी शेजारी उभी राहून दरवेळी कौतुकानं मान डोलावली. दाण्याची गोष्ट तो आता पहिल्यांदा इथे वाचेल.

काकांना फोन करून उपयोग नव्हता, मी दिलेलं तात्पुरतं मशीन ते घरी काढूनच ठेवायचे. मी स्कूटी काढली आणि त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांना दोन्ही हातांनी खूण केली. चाललं, चला. काका चपला घालायला वळले आणि मधेच थांबले. काकूंना सोबत घ्यायचं म्हणाले. मी जिन्याकडे बोट दाखवलं. वर नको, खाली रिक्षात बसेल, म्हणाले. ती बोलल्याशिवाय चाललं का नाही ते मला कसं समजणार? शेजाऱ्यांनी काकूंना उचलून रिक्षात बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या. काकूंनी डाव्या हातानं कोपराकडे सरकलेली बांगडी पुढे ओढून घेतली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. किती दिवसांनी त्या घराबाहेर पडत होत्या.

रिक्षा झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी राहिली. काका वर आले. मी त्यांचं मशीन वायरीला जोडलं, जुने आकडे त्यात भरले, कानामागे बसवून दिलं आणि बटण दाबायला सांगितलं. टिकटिक झालेली त्यांना ऐकू आली, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. ते कठडा धरून जिना उतरू लागले. मी त्यांच्या मागोमाग गेले.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला नेहमीसारखी हवा गेलेली ऐकू आली. काका माझ्याकडे वळले.

"म्हणते, मॅडम वाळल्या."

मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. मग काकू पुन्हा बोलू लागल्या. आता बरंच, मधे थांबत, डावा हात हलवत. काका वाकून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. काकूंचं बोलून झाल्यावरही ते तसेच वाकून राहिले. काय झालं, मी विचारलं.

"म्हणते, तुम्ही नागपूरहून आलात त्या दिवसापासून मी रोज बोलून राहिली. लग्न झालं तेव्हापासूनचं सगळं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तर बोलता आलं. आता सगळं बोलून झालं, काही राहिलं नाही."

रस्त्यावर कंपनीची बस वळत होती आणि तिच्या मागे हॉर्न चालले होते. काकांनी कानामागचं मशीन बोटानं चाचपलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममधून परत आणता येते ना? हे तिचं मागचं बोलणं येईल का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, माझ्याकडून हेच उत्तर येणार हे माहीत असल्यासारखी. मग रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं, आत चढून काकूंच्या डाव्या बाजूला बसले आणि मशीनचा कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग काकूंचे ओठ हलू लागले आणि काका दर थोड्या वेळानं हं म्हणू लागले. माझे दोन्ही कान चांगले आहेत, दरवर्षी मी ते तपासते. मला त्यातला एक शब्दही कळला नाही.